काळ्या मोहऱ्यांचा बचाव : एका डावाचा अभ्यास

स्पर्धेत काळी मोहरी वाट्याला आली की आपल्या मुलांचा पवित्रा बहुधा एकच असतो : काही गमवायचे नाही. हा पवित्रा कोठे नेतो, हे एका प्रसिद्ध डावात स्पष्ट दिसते.

१९७२ साली रेकजाविक येथे जगज्जेतेपदाच्या सामन्यात बोरिस स्पास्की व बॉबी फिशर यांचे अडीच-अडीच गुण झाले होते. २३ जुलैच्या सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या स्पास्कीने ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’ हा जुना, भक्कम बचाव स्वीकारला.

तेराव्या खेळीनंतरची स्थिती मांडून पाहावी. पांढरे : राजा ई-१, वजीर ए-३, हत्ती सी-१ व एच-१, उंट एफ-१, घोडा एफ-३, प्यादी ए-२, बी-२, डी-४, ई-३, एफ-२, जी-२, एच-२. काळे : राजा जी-८, वजीर ई-७, हत्ती ए-८ व सी-८, उंट ई-६, घोडा बी-८, प्यादी ए-७, बी-६, सी-५, डी-५, एफ-७, जी-७, एच-६.

फिशरने उंट बी-५ वर आणला. स्पास्कीने ए-६ अशी प्याद्याची खेळी करून त्याला हटकले. परंतु त्या प्याद्याने उंट मारल्यास ए-८ वरील हत्ती जातो, म्हणून ही धमकी पोकळच. पुढे सी-५ व डी-५ ही प्यादी शेजारच्या प्याद्यांच्या आधाराविना उरली आणि त्यांना जपता जपता काळी मोहरी बांधली गेली. बत्तिसाव्यापासून छत्तिसाव्या खेळीपर्यंत काळा वजीर ई-८ व डी-८ या दोनच घरांत येरझाऱ्या घालत होता! अडतिसाव्या खेळीस फिशरने घोड्यासाठी हत्ती दिला. एकेचाळिसाव्या खेळीनंतर स्पास्कीने डाव सोडला आणि प्रेक्षकांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवल्या. असा दिलदारपणा विरळाच.

मग बचावच सदोष होता काय? मुळीच नाही. चौदाव्या खेळीस काळ्याने वजीर बी-७ वर न्यावा. सी-५ वर मारामारी होऊन हत्तींची अदलाबदल होते व काळ्याचे एक प्यादे जाते. परंतु सतराव्या खेळीस काळा घोडा ए-६ वर येतो. उंटाने तो मारला व वजिराने उंट परत मारला, की काळा वजीर एफ-१ या घरावर नजर रोखतो आणि पांढऱ्या राजाला किल्लेकोट करता येत नाही. शिवनेरीचे सात दरवाजे चढून गेलेल्यांना हे उमजेल : पहिला दरवाजा पडला म्हणून गड पडत नाही.

येफिम गेलर हे रेकजाविकमध्ये स्पास्कीचेच सहायक होते. १९७३ साली हिल्व्हरसमच्या स्पर्धेत यान टिमन यांनी त्यांच्यापुढे हीच स्थिती आणली. गेलर यांनी वजीर बी-७ वर नेला, प्यादे दिले आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला.