दाट ऑइलने ॲव्हरेज कमी होतं का?

प्रश्न : माझी पेट्रोल कार आहे. धुळ्याला गावी नेहमी जाणं असतं. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ऑइल लिहिलंय, पण मेकॅनिक म्हणतो, सुरतच्या उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० घाला. ॲव्हरेजवर फरक पडेल का?
– एक वाचक, नवागाम (सुरत)

उत्तर : पडेल. शेवटचा आकडा जितका मोठा, तितकं ऑइल तापलेल्या इंजिनात दाट राहतं. ते ढकलण्यात इंजिनाची ताकद, म्हणजे तुमचं पेट्रोल खर्च होतं. पुस्तिकेतलं ऑइल वापरल्यास इंधन साधारण १ ते २ टक्के वाचतं, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीत हे १५० ते ३०० मीटर झाले. फार नाहीत, पण सकाळी थंड इंजिन सुरू करताना दाट ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं आणि झीज होते, ते नुकसान मला मोठं वाटतं.

उन्हाळ्याची भीती बाळगू नका. बाहेर कितीही ऊन असो, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान ठरावीक मर्यादेत ठेवतात, धुळ्याच्या वाटेवरचा कोंडाईबारीचा घाट चढतानाही. इंजिन जुनं होऊन ऑइल खात असेल तरच वेगळा विचार करावा, तोही तपासणीनंतर. तुम्ही ५डब्ल्यू-३०च घाला आणि निघण्यापूर्वी टायरमधली हवा जरूर बघा.