अंगणातला कडुनिंब केवढ्याला पडतो?

बार्शीटाकळीत नवं घर बांधलं की कंपाउंडच्या आत पेव्हर ब्लॉक टाकायचा आणि उरलेल्या पट्टीत लॉन लावायची, अशी टूम निघाली आहे. लॉन लावण्याआधी एवढा हिशेब करा.

२०० चौरस फूट हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे जेमतेम दीड महिना. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चार महिने काढायचे तर तीन टँकर झाले. तेही दरवर्षी.

आता झाडांचा हिशेब. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला दिवसाआड १५ लिटर धरा. चार महिन्यांत ९०० लिटर, म्हणजे एका टँकरमध्ये पाच झाडं निघतात. अळ्यात पऱ्हाटीचा भुसा किंवा पालापाचोळा टाकला तर त्याहून कमी. तीन उन्हाळे निभावले की कडुनिंब पाण्यासाठी सहसा तुमच्या तोंडाकडे बघत नाही.

टँकर ८०० रुपयांचा धरला, तर एका झाडाला वर्षाचं पाणी दीडशेच्या आत पडतं. खरा खर्च सुरुवातीलाच असतो: रोप ३० ते ५०, दोन घमेली शेणखत, खड्ड्याची मजुरी दोन-अडीचशे. अंगणाबाहेर लावायचं तर ट्री गार्ड हवंच, नाहीतर बकऱ्या आठ दिवसांत काम उरकतात. बांबूचं दोनशेत होतं, लोखंडी सात-आठशेला. हे दर अंदाजाचे आहेत. ठरवण्याआधी दोन ठिकाणी विचारा. लिंबू, सीताफळ यांची कलमं महाग पडतात, पण ती खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथून तासाभराच्या आत आहे.

जागा चुकली की सगळा हिशेब चुकतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यात वड-पिंपळाची मुळं पायाजवळ नकोतच. कडुनिंब भिंतीपासून १२-१५ फुटांवर, घराच्या पश्चिमेला लावा. दुपारनंतरचं ऊन तिकडूनच भिंत तापवतं आणि कूलर तिथेच हार खातो. वर विजेची तार नाही ना, तेही बघा. जागा कमी असेल तर शेवगा, कढीपत्ता, जास्वंद पुरे. झटपट वाढतो म्हणून कोनोकार्पस कुणी गळ्यात मारू लागलं तर नको म्हणा. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

एक फुकटचं पाणी आपण नालीत सोडतो. ६०० चौरस फुटांच्या स्लॅबवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटर पाणी हाती लागू शकतं. ते जाळी-गाळणीतून विहिरीकडे किंवा बोअरकडे वळवा. आरओचं फेकून दिलेलं पाणी मात्र झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार असतात.

जुनं झाड आड येत असेल तर परस्पर कुऱ्हाड लावू नका. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. आधी नगरपंचायतीत लेखी अर्ज द्या.

रोपं आणायची घाई नको. दोन बाय दोन फुटांचे, तेवढेच खोल खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या आणि जूनचा दमदार पाऊस झाल्यावरच रोपवाटिकेत जा.