पेटीत ठेवण्याआधीचे तीन तास

‘सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही,’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. त्याच्याच जोडीने दुसरेही ऐकू येते : ‘काचेच्या पेटीत ठेवलं की मूल हाती लागत नाही.’ दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींमुळे जीव जातात. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा मुलाची शक्ती वाढवतो. म्हणून आठव्यातल्या मुलाला सातव्यातल्यापेक्षा जगण्याची संधी अधिकच असते. पेटीचे काय, ते आज पाहू.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रात्री माझ्या दवाखान्यात टॉवेलात गुंडाळलेले एक मूल आणले गेले. आठव्या महिन्यात घरीच जन्मलेले, वजन १ किलो ६०० ग्रॅम. वारा लागेल म्हणून बाळंतिणीला गावीच ठेवले होते. जन्मल्यावर मुलाला आंघोळ घातली होती, बोटाने मध चाटवला होता आणि तीन तासांचा प्रवास झाला होता. मुलाचे पोट आणि तळपाय, दोन्ही थंडगार होते. ऊब देऊन, पुढे कळवून मी त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. तिसऱ्या दिवशी ते गेले. आजी मला म्हणाली, ‘‘डॉक्टर, पेटीत घातलं आणि पोर गेलं बघा.’’

मला वाटते, त्या मुलाचा निकाल बराचसा त्या तीन तासांतच लागला होता. मी घरच्यांना दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्या न सांगणाऱ्यांत आम्ही डॉक्टरही आलो.

रुग्णालयात मुले का दगावतात?

पहिले कारण साधे आहे. धडधाकट मूल आईच्या कुशीत राहते, पेटीत जाते ते आधीच धोक्यात असलेले. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेली, अडीच किलोपेक्षा बरीच कमी वजनाची, जन्मतः न रडलेली किंवा जंतुसंसर्ग झालेली मुलेच तिथे असतात. २०२० साली भारतात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० मुले पहिल्या महिन्यातच दगावली. अशा मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच होतात.

दुसरे कारण म्हणजे गारठा. कमी दिवसांच्या मुलाच्या कातडीखाली चरबी नसते. ओले, उघडे राहिले की शरीरातील साखर व प्राणवायू ऊब टिकवण्यातच खर्च होतात. साखर उतरते, श्वास मंदावतो. अशा मुलाला पेटीत ठेवले तरी झालेली हानी भरून निघेलच असे नाही.

तिसरे कारण जंतुसंसर्ग. तो रुग्णालयातही होतो. म्हणून परिचारिकेने हात धुवायला सांगितले किंवा नातेवाइकांची गर्दी थांबवली, तर रागावू नये.

आईची छाती हीच पेटी

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी, पेट्या अपुऱ्या असल्यामुळे, लहान मुलांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. यालाच ‘कांगारू पद्धत’ म्हणतात. भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १ ते १.८ किलोच्या आतील मुलांची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, रुग्णालयात जन्मापासूनच ती आईच्या छातीवर ठेवली, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १५.७ वरून १२ वर आले.

लक्षात ठेवा

* दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर नवजात मुलांचा विशेष कक्ष असलेल्या रुग्णालयात प्रसूतीआधीच जावे. मुलाला हलवायला आईच्या पोटाइतके सुरक्षित वाहन नाही. शिवाय वेळेत पोचल्यास मुलाची फुप्फुसे पक्व करणारी इंजेक्शने आईला देता येतात.
* जन्मताच मूल कोरडे पुसावे. आंघोळ घालू नये.
* नेताना टोपी, मोजे व लंगोट घालून मूल आईच्या उघड्या छातीवर उभे धरावे, वरून पांघरूण घ्यावे. नाक मोकळे ठेवावे. आई नसेल तर वडील किंवा आजीही चालेल. गरम पाण्याच्या पिशव्या लावू नयेत.
* मध, गूळपाणी, घुटी देऊ नये. मूल ओढत असेल तर चिकाचे दूध पाजावे. श्वास लागला असेल तर तोंडाने काही देऊ नये.
* हाताची मागची बाजू मुलाच्या पोटाला व तळपायाला लावावी. पोट गरम व पाय गार असतील तर ऊब कमी पडते आहे. दोन्ही गार असतील तर धोका मोठा आहे.
* दूध न ओढणे, मिनिटाला ६० हून अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, ताप, तळहात-तळपाय पिवळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात मुलांचे उपचार व ने-आण २०११ पासून ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमा’त मोफत आहेत. गाडीसाठी १०२ किंवा १०८ फिरवावा.

वरचे सारे करूनही काही मुले वाचत नाहीत, हे मान्य करायला हवे. पण आपल्या घरातले मूल पेटीपर्यंत उबदार पोचवणे, हे मात्र आपल्या हातात आहे. त्या आजीला हे मी त्या रात्रीआधी सांगायला हवे होते. आज तुम्हाला सांगतो आहे.