शिमग्याआधी एकदा झाडाकडे मान वर करून बघा

माघ सरत आला की शिवारात फुलांची चंगळ असते. आंब्याचा मोहोर, बियाण्याच्या कांद्याचे गोंडे, शेवगा, पाठोपाठ कडुनिंब आणि करंज. मधमाश्यांची पोळी याच दिवसांत भराला येतात आणि नेमकी याच दिवसांत आपली आगीची कामं निघतात. कुणी बांध पेटवतो, कुणी उसाचं पाचट जाळतो, त्यात होळी येते. गावची होळी बऱ्याचदा देवळापुढे, वडा-पिंपळाच्या आसपास पेटते. आग्या मोहोळालाही अशाच झाडाची उंच, आडवी फांदी लागते. धग आणि धूर वर पोचला की पुढचं सांगायला नको. पोळं दिसलं तर होळीची जागा हलवा. त्यानं कुठलाही देव कोपत नाही.

‘मधपाळ तर पेटीला धूर देतात, मग माश्या उठत नाहीत त्या?’ असं कुणी विचारेल. मधपाळाचा धूर थंड आणि मोजका असतो, आणि पेटीतल्या माश्या स्वभावानं बऱ्याच शांत. आग्याला खालून जाळ दाखवणं ही निराळी गोष्ट आहे.

दारातल्या पेरूला सकाळी नसलेला माश्यांचा घड दुपारी लोंबताना दिसला, तर लगेच फवारणीचा पंप काढू नका. लांबूनच बघा, माश्यांच्या आड मेणाचं पोळं आहे का? नसेल तर तो वाटेतला मुक्काम आहे. सातेरीची वसाहत फार दाटली की जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन बाहेर पडते. निघताना त्यांनी पोटभर मध घेतलेला असतो आणि राखायला ना अंडी ना पिल्लं, त्यामुळे डिवचल्याशिवाय त्या सहसा अंगावर येत नाहीत. नव्या ढोलीचा ठिकाणा लागला की काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत घड उठतो. तोवर पोरंबाळं आणि कुत्री लांब ठेवायची, एवढंच काम. ओळखीचा मधपाळ असेल तर कळवा, तो आनंदानं पेटीत भरून नेईल.

आग्याचं मात्र पेटीत जमत नाही. त्याचं एकच उघडं पोळं, चांगलं मीटरभर रुंद, झाडाला, कड्याला किंवा पाण्याच्या उंच टाकीखाली लटकतं. वर लक्ष गेलं नसेल तरी खाली खूण मिळते. दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर, गाडीच्या काचेवर पिवळे ठिपके पडायला लागतात. दिवस मावळताना माश्या झुंडीनं बाहेर पडून विष्ठा टाकतात, ती ही. पोळ्याच्या अंगावरून थरथरती लाट सरकताना दिसली तर ते कशानं तरी सावध झालंय असं समजा आणि मुकाट्यानं मागे सरा. कधी मधुबाज पोळ्यावर झडप घालतो आणि राग निघतो तो खालून जाणाऱ्या माणसावर. अशा झाडाखाली हार्वेस्टर, फटाके, बँड, झाडछाटणी यांतलं काहीही नको. फुलोरा संपला की ही मंडळी पोळं सोडून आपोआप निघून जातात. पुढच्या हंगामात बहुधा त्याच झाडावर परततात, म्हणून जागा लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त हाल बांधलेल्या जनावरांचे होतात. माणूस पळतो, दाव्याला बांधलेली गाय जागेवर उभी राहून डंख खाते. पोळं असलेल्या झाडाखाली गोठा असेल तर हंगामापुरती जनावरं दुसरीकडे बांधा. ते जमत नसेल तर निदान एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा. मोहोळ उठल्यावर कासऱ्याची गाठ सोडवत बसायला वेळ मिळत नाही.

मोहोळ उठलंच तर हात झाडू नका. उपरणं, पदर, पोतं, मिळेल ते डोक्या-तोंडावर घ्या आणि जवळचं घर किंवा गाडी गाठून दारं-काचा लावून घ्या. विहिरीत उडी मारणं जिवावर बेततं, माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस गुदमरतो. माशी चावली की तिचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि विष आत जात राहतं. शिवाय त्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावणं धाडतो. म्हणून आधी लांब पळा, मग नखानं काटे काढा. कसे काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. साबणानं धुवा, बर्फ लावा. चुना आणि लोखंड घासण्यात वेळ घालवू नका. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, भोवळ आली तर एक डंखही पुरे, लगेच १०८ ला फोन करा. डंख पुष्कळ असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम मागाहून दिसतो. लघवी गडद होणं ही त्याची खूण.

टेंभा लावून पोळं जाळण्याची जुनी खोड मात्र सोडायलाच हवी. त्यात पिल्लं जळतात, उरलेल्या माश्या पिसाळतात आणि फळधारणेला मदत करणारे मजूर आपणच मारतो. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या, फांदीलगतच्या जाड भागात असतो. जाणकार माणूस संरक्षक पोशाख घालून तेवढाच कापतो, पिल्लांचा भाग तसाच ठेवतो. भिंतीतल्या बिळात किंवा रिकाम्या पिंपात सातेरी बसली असेल तर ती मधपाळाकडून काढून घ्या आणि मगच बीळ सिमेंटनं बुजवा, नाहीतर मेणाच्या वासानं पुढचा थवा तिथेच येईल. या कामाचं शिक्षण देणारी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात १९६२ पासून आहे. गावातली दोन धीट पोरं यंदा तिथे शिकायला पाठवा.