दुष्काळाचा कायदा

पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. परंतु पाऊस न पडल्यास कोणी उपाशी मरू नये, अशी व्यवस्था करणे त्याच्या हाती आहे. महाराष्ट्राला ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली.

१८७६ साली पावसाने दगा दिला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांतील पिके करपली. चाऱ्यावाचून गुरे मेली. इंग्रज सरकारने दुष्काळग्रस्तांसाठी रस्त्यांची व तलावांची कामे काढली खरी. पण खर्च वाचविण्यासाठी लवकरच मजुरीत कपात केली. दिवसभर दगडमाती वाहूनही पोट भरेना, तेव्हा १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी ती कामे सोडली.

अशा वेळी १८७० साली स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा पुढे झाली. तिचे चालक गणेश वासुदेव जोशी यांस लोक 'सार्वजनिक काका' म्हणत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे मार्गदर्शन सभेस लाभले होते. सभेने गावोगावची खरी हकीकत गोळा केली आणि ती वेळोवेळी सरकारपुढे मांडली. दुष्काळात लाखो माणसे दगावल्यावर सरकारने एक आयोग नेमला. प्रजेस दुष्काळातून वाचविणे हे सरकारचे कर्तव्य होय, असे त्या आयोगाने १८८० साली मान्य केले. त्यातूनच पुढे दुष्काळाचे नियम तयार झाले.

नियम झाले, पण शेतकऱ्यास त्यांचा पत्ता नव्हता! १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला. पीक बुडाले असता सारा तहकूब करण्याची सोय आहे, हे ठाऊक नसल्यामुळे गरीब शेतकरी भांडीकुंडी विकून सारा भरू लागला. तेव्हा लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून हे नियम सोप्या भाषेत समजावून सांगितले. सभेच्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी जाऊन त्यांची माहिती दिली. कायद्याने दिलेली सवलत मागणे म्हणजे बंड नव्हे आणि भीकही नव्हे, हे लोकांस उमगले. सरकारास मात्र हे रुचले नाही. १८९७ साली त्याने सभेची मान्यता काढून घेतली.

आज राज्य आपले आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार संकटकाळासाठी स्वतंत्र निधी असतो. अतिवृष्टी, पूर, गारपीट यांसारख्या आपत्तीत तेहतीस टक्के वा त्याहून अधिक पीक नष्ट झाले, तर शेतकरी मदतीस पात्र ठरतो. २०१५ पूर्वी ही मर्यादा पन्नास टक्के होती. सरकारी कर्मचारी शेतावर जाऊन पंचनामा करतात आणि मंजूर रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते. परंतु पंचनाम्यात शेताची नोंद राहून गेली, किंवा खात्याचा क्रमांक चुकला, तर हक्काची मदतही अडून राहते.

म्हणून गावातील शिकलेल्या मुलामुलींनी नियम वाचावेत, शेजाऱ्यास वाचून दाखवावेत आणि यादीत त्याचे नाव आले की नाही, हे पाहावे. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या कार्यकर्त्यांनी हेच काम खेडोपाडी हिंडून केले होते.

स्वाध्याय
१. १८७७ साली मजुरांनी कामे का सोडली?
२. नियम असूनही १८९६ साली शेतकऱ्याचे हाल का झाले?
३. 'मदत मागणे म्हणजे भीक नव्हे', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.