बुजवलेली फायरप्लेस: इंग्लंडात घर घेणाऱ्या बडोदेकरांसाठी

बडोद्याहून नव्यानं येणाऱ्या कुटुंबांसाठी ही टिपणं जमवायला घेतली तेव्हा शाळा, डॉक्टर, भाड्याचं घर असे आठ विषय वाटून दिले होते. शाळेवर सहा ओळी आल्या. फायरप्लेसवर वही भरली. २०२२ साली गॅस-विजेची बिलं भडकली आणि आपल्यातल्या अनेकांनी बैठकीच्या खोलीतल्या त्या फळी ठोकून बुजवलेल्या कोनाड्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, हे त्याचं कारण. बडोद्यात थंडी म्हणजे उत्तरायणाला गच्चीवर घातलेला स्वेटर, तोही दहा वाजता काढून कठड्यावर टाकायचा. तेव्हा या विषयातलं आपल्याला काही कळत नाही, असं धरूनच वाचा. मतं ज्याची त्याची. मी शुद्धलेखन तपासलं आणि एके ठिकाणी शिव्या गाळल्या.

हॅरो (मूळ दांडिया बाजार)

मुद्द्याचं लिहितो. जुन्या फायरप्लेसमध्ये ‘बघू तरी धूर वर जातो का’ म्हणून वर्तमानपत्राचा बोळासुद्धा पेटवू नका.

आधी रस्त्यावर उभं राहून छपराकडे बघा. धुरांड्याच्या तोंडावर टोपी बसवलेली असेल किंवा पक्ष्यांनी घरटं केलेलं असेल. मग वरच्या मजल्यावर आणि माळ्यावर जा. पूर्वीच्या मालकानं खोली मोठी करायला वरची धुरांड्याची भिंत पाडून टाकलेली असू शकते, आणि खाली फायरप्लेस शोभेला तशीच. अशा घरात जाळ केला की धूर थेट मुलांच्या खोलीत.

फळी स्वतः फोडू नका; जुन्या पत्र्यासारख्या फळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तुकडा आधी तपासून घ्या. आत गॅसची नळी दिसली तर गॅस सेफ नोंदणी असलेल्याच माणसाला हात लावू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही घरांत फायरप्लेसच्या पाठीमागे पाणी तापवायची धातूची टाकी असते, तिला बॅक बॉयलर म्हणतात. आजीच्या मोरीतला तांब्याचा बंब आठवा. त्या बंबाची सगळी तोंडं बुचं मारून बंद केली, आत थोडं पाणी राहिलं, आणि कोणी खाली जाळ घातला तर? इथे अशा विसरलेल्या टाक्यांचे स्फोट होऊन माणसं गेली आहेत. टाकी काढून टाका. काढता येत नसेल तर जाणकाराकडून तिला भोकं पाडून घ्या, म्हणजे वाफ कोंडणार नाही.

यानंतर धुरांडं झाडणारा बोलवा. तो ब्रश घालून काजळी काढेल, मग धुराची गोळी पेटवून बघेल की धूर कुठल्या फटीतून बाहेर येतो का. ही चाचणी चालू असताना वरच्या खोल्यांत आणि जमलं तर शेजाऱ्यांकडेही कोणीतरी उभं राहावं, कारण रांगेतल्या घरांची धुरांडी एकाच भिंतीत असतात. १९६५ च्या आधीच्या घरांत धुरांड्याला आतून सहसा नळी नसते. नुसत्या विटा, वर चुन्याचा गिलावा, आणि त्या चुन्यात कालवलेलं शेण. हो, शेण. आपण जमीन सारवत होतो तेव्हा हे लोक धुरांडं सारवत होते. शंभर वर्षांत तो गिलावा झडतो आणि विषारी वायू फटींतून झिरपतो. उपाय म्हणजे आतून नवी नळी किंवा अस्तर. खर्चिक आहे, पण तो टाळून केलेली बचत मला समजत नाही.

पुढची फरशी किमान १२५ मिलिमीटर जाडीची, न जळणारी, आणि उघड्या विस्तवासाठी निदान ५०० मिलिमीटर खोलीत पुढे आलेली हवी. खिडक्या नव्या दुहेरी काचेच्या असतील तर बाहेरची हवा आत यायला जाळी लागते. आपली माणसं ती जाळी थंडी लागते म्हणून फडक्यानं बुजवतात. कृपा करून बुजवू नका. विस्तवाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, या बातम्या आपण वाचलेल्याच आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विस्तवाच्याच खोलीत लावा, विस्तवापासून १ ते ३ मीटरवर. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर क्रोसिन शोधू नका, बाहेर पडा.

गावाचं नाव लिहू नका (मूळ रावपुरा)

वरचं सगळं बरोबर आहे, पण खरा त्रास विस्तवाचा नाही, कागदांचा आहे. आम्ही लाकडाचा स्टोव्ह ओळखीतल्या एका बांधकामवाल्याकडून निम्म्या पैशांत बसवून घेतला. चार हिवाळे सुखात गेले. घर विकायला काढल्यावर समोरच्या वकिलानं प्रमाणपत्र मागितलं. कसलं प्रमाणपत्र? असा स्टोव्ह हेटाससारख्या नोंदणी संस्थेकडे नोंद झालेल्या माणसानं बसवायचा असतो, म्हणजे तो स्वतः प्रमाणपत्र देतो; नाहीतर काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बांधकाम खात्याला कळवायचं असतं. आम्ही दोन्ही केलं नव्हतं.

आमचा वकील म्हणाला, काळजी नको, अशा वेळी विमा मिळतो. पण यांनी, सत्यवचनी माणसानं, आदल्याच दिवशी खात्याला फोन करून सगळं सांगितलं होतं! विमावाले म्हणाले, एकदा खात्याच्या कानावर घातलं की विमा नाही. खातं म्हणालं, उशिराचा अर्ज करा, फी भरा, भिंतीतल्या नळीचे फोटो जोडा. भिंतीच्या आतले फोटो भिंत न फोडता काढायचे कसे, हे विचारायला मी चार वेळा फोन केला. चार वेळा चार माणसं. एकानं सांगितलं की ही फाइल त्याच्या टेबलावर येतच नाही. घेणारे तोपर्यंत कंटाळून गेले. शेवटी स्टोव्ह काढला, नोंदणीवाल्याकडून पुन्हा बसवला, दुप्पट पैसे गेले. तो कागद आता मी सातबारासारखा जपते.

*(इथून पुढचं पाऊण पान गाळलं आहे.)*

लेस्टर (मूळ वाडी, इथे ५० वर्षं)

तुम्ही सगळे ऊब आणि कागद घेऊन बसलात. माझं म्हणणं वेगळं आहे. इथल्या आपल्या नातवंडांना अग्नी फक्त वाढदिवसाच्या केकवर दिसतो. विस्तव कसा रचायचा, फुंकर कुठून घालायची, निखारा चिमट्यानं कसा उचलायचा, काही ठाऊक नाही. घरात अग्नी पेटता असणं हा आपला संस्कार आहे. होळीला पुरणपोळी विकतची आणि होळी मोबाइलवर, हे मला पटत नाही.

आमच्या घरात फायरप्लेसच्या कोनाड्यात गेली तीस वर्षं देव्हारा होता. घर घेतलं तेव्हा तो कोनाडा बघून सौ. म्हणाली होती, हा तर देवांसाठीच केलाय. मुलानं फायरप्लेस उघडायची म्हटल्यावर घरात दोन महिने अबोला. शेवटी बडोद्याच्या गुरुजींना फोन केला, देव पूर्वेच्या खोलीत हलवले. आपल्या सयाजीमहाराजांनीही टेनिसन कवीचं हॅझलमिअरजवळचं ऑल्डवर्थ हे घर विकत घेतलं होतं. तिथल्या धुरांड्याखाली त्यांना स्वतः वाकावं लागलं नसणार, हे उघड आहे. पण विलायतेत राहून आपलं न सोडणं त्यांच्याकडून शिकावं.

*(संकलकाची भर: होळी फायरप्लेसमध्ये पेटवू नका. नारळ, गोवऱ्या, तूप यातलं काहीही आत टाकू नका. वरच्या फळीवर गणपती बसवत असाल तर ते दहा दिवस खाली विस्तव नको. थर्माकोलचं मखर आणि प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा बघता बघता पेटतात.)*

लेस्टर, वरच्यांची सून

बाबांनी संस्कार सांगितले, लाकडं मी आणते. मोठ्या शहरांचे बरेच भाग धूरबंदीत येतात. तिथे उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळता येत नाही. मान्यता असलेलं बिनधुराचं इंधन, नाहीतर मान्यताप्राप्त स्टोव्ह. धूर दिसला तर १७५ ते ३०० पौंड दंड. १९५२ च्या डिसेंबरात लंडनला जे धुकं-धूर कोंडलं, त्यानंतर १९५६ साली कायदा झाला, तेव्हापासूनचं हे. जुना दगडी कोळसा घरासाठी विकायलाच १ मे २०२३ पासून बंदी आहे. लाकूड घ्याल ते २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं, पिशवीवर ‘रेडी टू बर्न’ लिहिलेलं. बागेतली ओली फांदी, रंगवलेली फळी, जुनं फर्निचर नको. ओल्या लाकडाचा डांबरासारखा थर धुरांड्यात बसतो आणि एक दिवस तोच पेटतो. लाकूड जाळत असाल तर हंगामात दर तीन महिन्यांनी धुरांडं झाडून घ्या.

आणि खरं सांगू? उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक ऊब वरच जाते. पाय शेकतात, पाठ गार. बंद दाराचा स्टोव्ह त्याहून कितीतरी बरा.

घराच्या विम्यावर कोणीच लिहिलं नाही. विमा कंपनीला कळवा, एवढं मी सांगते. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिकडच्यांनी तिकडे विचारावं.

राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीतच काढा, प्लास्टिकच्या कचरापेटीत लगेच टाकू नका. आतले निखारे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जिवंत असतात. लाकडाची राख पूर्ण गार झाली की चाळून ठेवते. तांब्या-पितळेला पितांबरीपेक्षा छान लकाकी येते. बिनधुराच्या कोळशाची राख मात्र नको, ती ओरखडे काढते.