डोळ्यातले सफरचंद

प्रश्न : इंग्रजी कादंबरीत एका नातीला आजोबांच्या डोळ्यातले सफरचंद म्हटले आहे. याचा खुलासा व्हावा.

उत्तर : ज्या काळी नेत्राच्या मध्यभागी दिसणारे काळे वर्तुळ म्हणजे प्रकाशाला आत घेणारे छिद्र नसून एक भरीव गोलक आहे, अशी समजूत होती, त्या काळी इंग्रजांनी त्यास सफरचंदाचे नाव दिले. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या नावे असलेल्या भाषांतरातही त्याचा दाखला सापडतो. दृष्टीइतके जपण्यासारखे दुसरे काय असणार? म्हणूनच 1611 च्या इंग्रजी बायबलात ईश्वर आपल्या प्रजेचे रक्षण डोळ्यातील या सफरचंदाप्रमाणे करतो. बायबलातील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र 'चिमुकला माणूस' असा लावतात, कारण समोरच्याच्या डोळ्यात निरखून पाहिले असता तेथे आपलेच इवलेसे प्रतिबिंब दिसते. लॅटिन भाषेने त्याच जागी बाहुली पाहिली आणि आपण मराठीतही डोळ्याची बाहुलीच म्हणतो, हा योग मला फार हृद्य वाटतो.

प्रयोग करताना 'शी इज द ॲपल ऑफ हर ग्रँडफादर्स आय' असे लिहावे. डोळा एकवचनीच ठेवावा. हा वाक्प्रचार बहुधा अपत्य, नातवंड अशा वात्सल्याच्या पात्रांविषयी योजतात. तर्जुमा करताना सफरचंद बिलकूल आणू नये. 'आजोबांच्या गळ्यातला ताईत' हाच प्रतिशब्द यथार्थ होय.